नवे-जुने आणि नवे

शास्त्रपाठ : यिर्मया ३१:३१-३४, नहेम्या ५:१-१३, कलस्सैकरांस २:१३-१४



मार्च महिना सरत आला होता. गोदाकाठच्या आपल्या एका लहान मंडळीत आम्ही शब्बाथाची उपासना चालवीत होतो. उपदेशाचा विषय करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातून घेतला होता. जो मनुष्य ख्रिस्ताच्या ठायी आहे त्याची देवाने नव्याने घडण केली आहे, हे आम्ही आपल्या शक्तीप्रमाणे समजावून सांगितले. ‘नवे’ हा शब्द त्या तासाभरात आमच्या तोंडून पन्नास वेळा तरी निघाला असेल. उपासना आटोपली, सतरंज्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेला एक वयस्क शेतकरी बंधू पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, “सलाम, पाळकसाहेब. एक इचारू का? तुमी ते नवं नवं म्हनलात, ते कोनतं? आमी ब्यांकेत करतो तसलं नवं-जुनं, का काही निराळं?”

जवळची तरुण मुले हसली. तो हसला नाही. आम्ही काहीतरी उत्तर दिले आणि त्यानेही मान डोलावली. परंतु घरी परतताना आमची खात्री झाली की त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिलेले नाही. तेव्हापासून हा शब्द आमच्या मनातून गेला नाही. आज त्याचाच विचार आपण मिळून करू.

शेतकऱ्याचे नवे-जुने

आपल्या परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास ‘नवे-जुने करणे’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. परंतु हे पत्र शहरांत राहणारी आपली मुलेही वाचतात, यास्तव थोडक्यात सांगतो. पेरणीपूर्वी बी-खतासाठी बँकेतून पीककर्ज घ्यावयाचे आणि सोयाबीन, कापूस, तूर विकून ते मुदतीत फेडावयाचे, असा नियम आहे. मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज मिळते; न फेडणारा थकबाकीदार ठरतो आणि बँकेचे दार त्यास बंद होते. आता समजा, एकाच्या माथी ऐंशी हजार रुपये आहेत. पाऊस वेळेवर आला नाही, किंवा ऐन काढणीत आला; पिकाचा पैसा दवाखान्यात, मुलीच्या लग्नात, दुकानाच्या उधारीत गेला. मार्चअखेर तोंडावर आली. मग तो गावातल्या कोणा पैसेवाल्याकडे जातो. आठ-दहा दिवसांच्या बोलीने ऐंशी हजार उचलतो, बँकेत भरतो, जुने खाते बेबाक करतो. बँक कागद करून त्यास पुन्हा तितकेच किंवा थोडे अधिक कर्ज देते. ते घेऊन तो बाहेरच्या पैसेवाल्याचे मुद्दल आणि व्याज चुकवितो. हातात उरते ते दोन-चार हजार, आणि माथी उरतात ते ऐंशी हजार जसेच्या तसे.

बँकेच्या वहीत तो नियमित खातेदार आहे. खाते नवे, तारीख नवी, सही नवी. कर्ज मात्र जुनेच. मनुष्य त्याच ओझ्याखाली, वर दहा दिवसांच्या व्याजाचा एक धोंडा अधिक. आणि बँकेने कागदास आठ दिवसांच्या जागी वीस दिवस लावले, तर तो धोंडा दुप्पट होतो.

ही रीत काही आजची नाही. सन १८५९ मध्ये इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे त्यात ठरले. हेतू रयतेच्या रक्षणाचा होता. परंतु सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षे भरत आली की कुळास बोलवावे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवावे आणि सगळ्या रकमेचा रोखा नवा करून त्यावर अंगठा घ्यावा. याप्रमाणे जो कायदा ऋण जुने होऊन मरावे म्हणून केला होता, त्यानेच ते दर तीन वर्षांनी नवे होऊन वाढू लागले. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि तेथून पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील कितीएक गावांत तो दंगा पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? कागदांवर. रोखे हाती लागले की ते जाळीत, आणि पुष्कळ ठिकाणी ते मिळाल्यावर दुसरे नुकसान फारसे करीत नसत. त्यानंतर चौकशी होऊन सन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, तरी रोख्याची जात तिकडे आणि इकडे निराळी नव्हती. पुढे राज्ये गेली, बँका आल्या. आपल्या काळात सन २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये सरकारांनी कर्जमाफ्या दिल्या. ज्यांस त्या मिळाल्या त्यांनी देवाचे आभार मानले, आणि ते योग्यच होते. तथापि आज गावोगाव पुन्हा नवे-जुने चालू आहे.

तेव्हा त्या बंधूच्या कानी ‘नवे’ हा शब्द पडला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल, ते वाचकांनी ओळखावे. आम्ही त्यास सुवार्ता सांगत होतो, आणि त्यास तो मार्चअखेरचा निरोप वाटत होता.

शब्दाचे कूळ

आता या शब्दाकडे पाहू. ‘नवा’ हा शब्द स्वतः अतिशय जुना आहे. संस्कृतात तो ‘नव’ आहे. फारसीत ‘नौ’ आहे, ज्यावरून पारशी बंधू आपल्या वर्षारंभास नौरोज म्हणतात. ग्रीक भाषेत ‘नेऑस’, लॅटिनात ‘नोवुस’ आणि इंग्रजीत ‘न्यू’. ही सर्व एकाच कुळातील भावंडे होत. हजारो वर्षे माणसे समुद्र ओलांडून, डोंगर ओलांडून पांगली, पण हा शब्द त्यांनी टाकला नाही. कारण नवेपणाची भूक सर्वांस सारखीच आहे.

आपल्या मराठीत त्याचा परिवार मोठा आहे. ज्यास सवय नाही तो नवखा. जो शिकू लागला तो नवशिका. कोवळ्या टवटवीस नव्हाळी म्हणतात. पूर्वी न पाहिलेले पाहून जे वाटते ते नवल. नवरा हा शब्दही याच घरचा आहे. मुळात तो ‘नववर’, म्हणजे नवा वर. ऐंशी वर्षांची आजी आपल्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यास नवरा म्हणते, तेव्हा त्या शब्दात तिच्या लग्नाचा दिवस लपलेला असतो. (नवरात्रातील नव मात्र आकड्याचा आहे, त्याची गल्लत करू नये.) आपल्या मराठवाड्यात पाडव्यास सालगड्याचे नवे साल धरतात. तोही करार नवा. पण मागल्या सालाची उचल फिटली नसेल, तर ती नव्या सालाच्या डोक्यावर बसूनच येते. आणि गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून जी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, त्यांस विचारा : नवा हंगाम सुरू होतो तेव्हा मागली उचल फिटून सुरू होतो की तिच्यासकट?

आपल्या लोकांनी नवेपणाचा अनुभव एका म्हणीत बांधून ठेविला आहे : नव्याचे नऊ दिवस. माणसाचे नवे इतकेच टिकते. नवी सून, नवा अधिकारी, नवे लुगडे, नवा पाळकदेखील, नऊ दिवस. दहाव्या दिवशी जुने उघडे पडते, कारण ते गेलेच नव्हते. वरून झाकले गेले होते.

मग शास्त्रात ‘नवा करार’ म्हटले आहे तो कोणत्या जातीचा? या जोडीतील दुसरा शब्द ‘करार’ मूळचा अरबी, कचेरीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. स्थिर होणे, ठरणे, असा त्याच्या मुळाचा अर्थ आहे. सन १८११ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे नव्या कराराचे मराठी पुस्तक छापले गेले, आणि आज दोनशेंहून अधिक वर्षे तो ग्रंथ आपल्या भाषेत आहे. परंतु त्याचे नाव घेताना त्या शेतकऱ्याचा प्रश्न आपण कधी विचारला काय?

शास्त्रातील नवे

यिर्मया संदेष्ट्याने ज्या इब्री शब्दाने ‘नवा’ करार म्हटले तो शब्द ‘हादाश’ आहे. त्याच धातूपासून ‘होदेश’ हा शब्द निघतो. त्याचा अर्थ नवचंद्र, आणि त्यावरून महिना. आता नवचंद्र काय करितो? तोच जुना चंद्र, झिजतो, दिसेनासा होतो आणि पुन्हा कोर दाखवितो. योवाश राजाने परमेश्वराच्या मंदिराची डागडुजी करावयाचे मनात आणिले (२ इतिहास २४:४), तेथेही हाच धातू आहे : जुन्या भिंती, जुना पाया, त्यांची दुरुस्ती. यावरून दिसते की इब्री भाषेतही हा शब्द दोन्ही घरी पाणी भरतो. जुन्याचे पुन्हा नवे करणे हाही त्याचा अर्थ, आणि पूर्वी कधी नव्हते ते करणे हाही.

म्हणून त्या बंधूचा प्रश्न अडाण्याचा नव्हता. पंडितांनी ज्यावर ग्रंथ लिहावे असा तो प्रश्न आहे. देव आपल्या करारात चंद्रासारखे नवे करितो, की निराळे?

याचे उत्तर संदेष्ट्याने स्वतःच देऊन ठेविले आहे. लगेच पुढच्या वचनात तो सांगतो की हा करार पूर्वजांशी केलेल्या करारासारखा नव्हे. आणि फरक कोठे आहे? दोन गोष्टींत. पहिली अशी की, नियम आता पाटीवर नव्हे, अंतःकरणावर लिहिला जाईल. दुसरी अशी की, देव त्यांच्या अधर्माची क्षमा करील आणि त्यांचे पाप पुन्हा आठवणार नाही. जुनी बाकी नव्या पानावर ओढली जात नाही, हा त्या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ. बँकेच्या नव्या-जुन्यात नेमके हेच नसते. तेथे सर्व काही नवे होते, फक्त आठवण जुनी राहते.

दावीदाच्या एकावन्नाव्या स्तोत्रातही हे पाहा. दहाव्या वचनात तो दोन मागण्या करितो. आत्म्याविषयी मागतो तेथे ‘हादाश’ धातू आहे, म्हणजे पुन्हा नवा कर. परंतु त्याच्या आधी अंतःकरणाविषयी मागतो तेथे क्रियापद ‘बारा’ आहे; उत्पत्तीच्या पहिल्या वचनात देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली तेथे जे आहे तेच. ज्याने उरीयाचे रक्त सांडले त्यास कळून चुकले होते की आपले हृदय डागडुजीच्या पलीकडे गेले आहे. दुरुस्ती मागण्यापूर्वी त्याने उत्पत्ती मागितली.

ग्रीक भाषेत नव्यासाठी दोन शब्द आहेत. ‘नेऑस’ बहुधा काळाने नवे, ताजे. ‘काइनॉस’ बहुधा प्रकाराने नवे, अपूर्व. ही सीमा सर्वत्र काटेकोर पाळलेली नाही, हे खरे. तथापि मार्काच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूने द्राक्षारसाचा दाखला दिला तेथे दोन्ही शब्द एका वाक्यात आले आहेत : द्राक्षारस ‘नेऑस’, बुधले ‘काइनॉस’. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री प्याला हाती घेऊन प्रभूने ज्या कराराचे नाव घेतले (लूक २२:२०), तो ‘काइनॉस’ आहे. म्हणजे फिरून केलेला नव्हे. असा पूर्वी कधी झालाच नव्हता.

हातचा रोखा

या सर्वांहून शेतकऱ्यास अधिक जवळचे वचन कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे पौल एक शब्द वापरितो, ‘खेइरोग्राफॉन’. त्याचा सरळ अर्थ हाताने लिहिलेले. त्या काळी ऋणको आपल्या हाताने लिहून देई की मी इतके देणे लागतो, आणि अशा रोख्यास तो शब्द लावीत. पौलाने स्वतः फिलेमोनास तसे लिहून दिले आहे. अनेसिमाने काही बुडविले असेल तर ते मी फेडीन, हे मी आपल्या हाताने लिहितो, असे तो म्हणतो. तेव्हा ह्या शब्दाचा भार त्यास ठाऊक होता.

आपल्याविरुद्ध असलेल्या अशा रोख्याचे देवाने काय केले? पौल दोन गोष्टी सांगतो. एक, तो पुसून टाकिला. त्या काळची काजळीची शाई ओल्या फडक्याने पुसली जाई, म्हणजे कागदावर अक्षर राहत नसे. दुसरी, तो मधून काढून वधस्तंभास खिळिला. सुप्याच्या लोकांनी सावकाराचे रोखे जाळिले, आणि सरकारने त्यांस बेड्या घातल्या. येथे ज्याचे येणे होते त्यानेच रोखा पुसला, आणि त्याची किंमत स्वतः भरली. व्याज मुद्दलात मिळवून पुन्हा अंगठा मागितला नाही. तीन वर्षांची मुदत घातली नाही. मार्चअखेर ठेविली नाही.

प्रिय बंधो, ज्याने आम्हांस तो प्रश्न विचारिला, त्यास आमचे उत्तर हे आहे : ते नवे निराळे आहे.

आपले फरदड

परंतु आपण मंडळीतील लोक देवाच्या या नव्याशी कसे वागतो? आपण त्याचेही नवे-जुने करितो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रार्थना सप्ताह पाळण्याची रीत लुधियाना येथील मिशनऱ्यांच्या हाकेवरून सन १८६० पासून जगभर चालू झाली. ती उत्तम आहे. त्या आठवड्यात आपण रडतो, कबुली देतो, जुने भांडण मिटविल्याचे सांगतो. जुने खाते बेबाक झाले, असे दिसते. पण अश्रू आठ दिवसांच्या बोलीने उसने आणलेले असतात. संक्रांत उलटते, आणि तेच दारूचे दुकान, तोच भावाशी अबोला, सुनेस तेच टोमणे. पुढल्या जानेवारीस पुन्हा नवे पान. देवाच्या घरी आपण नियमित खातेदार आहोत आणि ओझे जसेच्या तसे आहे.

कापूसवाल्यांस दुसरा दाखला देतो. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून टाकावयाची असते. पण पुष्कळांना मोह होतो की उभ्या झाडास आणखी पाणी द्यावे, म्हणजे पुन्हा पाते लागेल, चार बोंडे अधिक मिळतील. यास फरदड म्हणतात. हिरवी पालवी फुटते, रान नवे झालेसे दिसते. परंतु गुलाबी बोंडअळीस त्याच बोंडांत आसरा मिळतो आणि पुढच्या साली ती सर्व शिवारावर उठते. सन २०१७ च्या हंगामात तिने काय केले, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांस सांगत आले आहे की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा. पौल इफिसकरांस चौथ्या अध्यायात हेच सांगतो : जुना मनुष्य काढून टाका, आणि मग नवा धारण करा. त्याने जुन्यास पाणी घालावयास सांगितले नाही. फरदड हिरवे असते, पण त्यात अळीही असते.

आमचे स्वतःचे खाते

येथे थांबलो असतो तर हा उपदेश आम्हांस सोपा गेला असता. पण नहेम्याचा पाचवा अध्याय आम्हांस थांबू देत नाही. त्यात गरीब लोक आपल्याच भाऊबंदांविरुद्ध ओरड करितात. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली. राजाच्या पट्टीसाठी कर्ज काढले. मुले व मुली दास झाली. नहेम्याने वडीलधाऱ्यांस जाब विचारिला. पण दहाव्या वचनात तो एक गोष्ट कबूल करितो, ती वाचताना आमचा घसा दाटला : मी, माझे भाऊ आणि माझे सेवकही त्यांस पैसा व धान्य उसने देत आहोत. आपणही हे सोडून देऊ, असे तो म्हणतो. दुसऱ्यास सांगण्यापूर्वी त्याने आपली वही उघडली.

त्या शेतकऱ्याची गोष्ट आम्ही पुढे विचारिली. त्याने दहा दिवसांसाठी ऐंशी हजार कोठून आणिले? शेकड्याला दोन रुपये दराने, म्हणजे दहा दिवसांचे सोळाशे देऊन. वर्षाच्या हिशेबाने तो दर शेकडा सत्तरीच्या वर जातो. आणि देणारा कोण? आपल्याच मंडळीतील एक गृहस्थ. सुगीच्या उपकारस्तुतीस सर्वांत मोठे दान त्यांचे असते. ही गोष्ट आम्हांस काही वर्षांपासून ठाऊक होती. आम्ही बोललो नाही, कारण मंदिरावर पत्रे घालावयाचे होते. ऋणको आणि धनको दोघेही प्रभुभोजनास एकाच सतरंजीवर बसत, आणि आम्ही आपल्या हाताने नव्या कराराचा तो एकच प्याला दोघांस देत होतो.

एका रात्री आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी आदराने बसविले, चहा दिला. आम्ही बोललो तेव्हा ते म्हणाले, “पाळकसाहेब, मी नाही दिलं तर तो बाहेर जाईल. बाहेरचा पाच घेतो. अन् मंडळीचा मदत फंड? तो दरमहा दोनानं फिरतो. त्या वहीवर दरसाल सही कुनाची असते?”

सही आमची होती. मंदिराच्या खर्चासाठी जमलेला पैसा पेटीत पडून राहू नये म्हणून तो सभासदांस दरमहा शेकडा दोन व्याजाने देण्याची चाल आमच्या येण्याआधीपासून होती, आणि वर्षअखेरीस हिशेब तपासून आम्ही खाली नाव लिहीत होतो. ज्यास पौलाने हातचा रोखा म्हटले तो आमच्याच हातचा होता. त्या रात्री आम्ही उपदेश न करिता घरी आलो.

पुनरुत्थानाच्या सणानंतर पंचसभा भरली. दोन तास बोलणे झाले. कोणी म्हणाले की फंड बुडेल, कोणी म्हणाले की सगळेच मागावयास येतील. दोन्ही भये खोटी नव्हती. शेवटी असे ठरले की मदत फंडावर यापुढे व्याज घ्यावयाचे नाही, आणि मार्चअखेरीस ज्यांस नवे-जुने करण्याची अडचण पडेल त्यांस पाळीपाळीने त्यातून बिनव्याजी द्यावे. फंड लहान आहे. एका वेळी एका-दोघांचीच नड भागेल. याने कोणाचे मुद्दल फिटत नाही, बँकेचे कर्ज माथ्यावरून उतरत नाही, हे आम्हांस समजते. मोठ्या ऋणाचा उपाय पाऊस, बाजार आणि राज्यकर्ते यांच्याशी गुंतलेला आहे. त्यासाठी आपण बोललेही पाहिजे आणि प्रार्थनाही केली पाहिजे. परंतु ज्याचा रोखा वधस्तंभावर खिळिला गेला, त्याने आपल्या भावाच्या रोख्यावर पोट भरू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

सभा उठल्यावर ते गृहस्थ मागे राहिले. हे सर्व पत्रात लिहावे काय, असे आम्ही त्यांस विचारिले. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “लिहा. नाव घालू नका. येत्या मार्चला मी कुनाचं व्याज घेनार नाही. त्याच्या पुढचं देव जाने.”

पुढचे देव जाणे, हे त्यांच्याइतकेच आमच्याविषयीही खरे आहे. नव्याचे नऊ दिवस, ही म्हण आमच्या पंचसभेच्या ठरावास लागू पडते की नाही, हे येता मार्च आणि त्याच्या पुढचा मार्च सांगेल. ठराव तेवढा शाईने लिहून आम्ही सही केली आहे.

तथापि एक गोष्ट आम्हांस धीर देते. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेम जळून गेल्यावर, राखेत बसलेला मनुष्य देवाच्या दयेविषयी सांगतो की ती रोज सकाळी नवी होते. तेथेही तोच ‘हादाश’ शब्द आहे. आणि पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो की बाहेरचा मनुष्य झिजत असला तरी आतला दिवसानुदिवस नवा होत जातो. माणसाचे नवे नऊ दिवसांत विटते, कारण ते एकदाच आणून साठविलेले असते. देवाचे नवे विटत नाही, कारण ते सकाळच्या भाकरीसारखे रोज त्याच्या हातून यावे लागते. उद्याचे आज मिळत नाही, आणि कालची बाकी आज मागितली जात नाही.

म्हणून, प्रिय जनहो, आज घरी गेल्यावर आपापली वही उघडा. कोणाचे काय येणे आहे, हे पाहण्याआधी आपले किती पुसले गेले आहे, ते पाहा. मग ज्याच्या नावापुढे आकडा आहे त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा; तो पुढच्या शब्बाथी तुमच्याच शेजारी सतरंजीवर बसावयाचा आहे.

हे प्रभो, तू आमचा रोखा पुसलास. आम्ही तो पुन्हा पुन्हा लिहून तुझ्यापुढे आणितो, आणि आपल्या भावाचा लिहून जपून ठेवितो. आमच्या हातून ती लेखणी काढून घे. जे उपटावयाचे त्यास पाणी घालण्याचा मोह आम्हांस होऊ देऊ नकोस. ज्यांच्या माथी कर्ज आहे त्यांस या साली पाऊस आणि भाव दे, आणि रात्री त्यांच्या उशाशी बस. आमच्यात नवे हृदय उत्पन्न कर, आणि ते उद्या सकाळीही दे. आमेन.